फोनातला कान

कुंदनला मी गेली कित्येक वर्षं बघते आहे, पण तो स्वस्थ बसलेला मला आठवत नाही. सुरतेच्या नवागाममध्ये माझं पिको-फॉलचं दुकान, शेजारी त्याचं मोबाइल दुरुस्तीचं, आणि मध्ये प्लायवूडची एक फळी. फळीच्या या बाजूला माझं मशीन खडखडतं, त्या बाजूला त्याचा पाय. गिऱ्हाईक नसलं की तो स्वतःची खुर्ची उलटी करून तिचे स्क्रू आवळतो. ते झालं की पंख्याकडे बघतो. एकदा माझं मशीन चांगलं चालत असताना "मावशी, आणखी मस्त चालवून देतो" म्हणून त्यानं ते उघडलं, आणि ऐन लग्नसराईत माझ्या मशीनचे तुकडे वर्तमानपत्रावर मांडून ठेवले. त्या दिवशी मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण ज्यानं काढली त्याच्या शेजारी असाच कुणीतरी कुंदन राहत असणार.

पोरगा गुणी आहे, हेही सांगून टाकते, नाहीतर शोभाबाई माझ्याशी बोलायची नाही. शोभाबाई म्हणजे त्याची आई. वडील निंबाभाऊ. दोघं पारोळ्याकडची, लूमच्या कामासाठी सुरतेत आली आणि इथलीच झाली. थोरली मुलगी जयश्री बारडोलीला दिली. कुंदनचं लग्नाचं बघणं चालू आहे, पण मुलगी बघायला गेला तरी हा तिच्या बापाचा फोन साफ करून परत येतो. मुलगी कशी होती विचारलं तर म्हणतो, फोन फार भरलेला होता.

शाळा सुटल्यावर निंबाभाऊंनी त्याला आपल्याबरोबर लूमवर नेलं होतं. तिथं तो टिकला नाही. चालत्या मागासमोर उभं राहायचं आणि तार, म्हणजे सूत, तुटली की जोडायची, एवढंच काम. पण न तुटलेल्या तारेकडे नुसतं बघत राहणं त्याच्याच्यानं होईना. मग एम्ब्रॉयडरीचं मशीन झालं, मग टेम्पोवर साड्यांचे गठ्ठे चढवणं झालं. शेवटी मोबाइल बाजारात एकाच्या टेबलाशी बसला आणि तिथं त्याच्या हातांना पाहिजे ते काम सापडलं. फोन उघडायचा, काय नको ते बघायचं, काढून टाकायचं.

ही काढून टाकायची भानगड मला त्यानंच समजावली. फोन विकत घेतला की कंपनीनं त्यात आधीच काय काय भरून दिलेलं असतं. खरेदीचं ॲप, भविष्याचं ॲप, गेम, बातम्या, कसलंतरी हवामान. आपण काढायला गेलो तर ती निघत नाहीत, फार तर बंद करता येतात. "मावशी, असं बघा," कुंदन म्हणाला, "भाड्यानं खोली घेतली आणि मालक म्हणाला, कोपऱ्यातलं माझं कपाट तेवढं राहू दे. भाडं तुम्ही पूर्ण खोलीचं भरता आणि त्या कपाटाला पाय लावून झोपता. फोन रूट करायचा म्हणजे मालकाची चावी आपल्या हातात घ्यायची. मग कुठलंही कपाट बाहेर." नवागाममध्ये हे कुणालाही लगेच पटतं, कारण इथं निम्म्या खोल्यांत मालकाचं काही ना काही पडलेलंच असतं.

पण एखाद्या कपाटावर छताची पट्टी टेकलेली असते. ते काढलं की फोन सुरूच होत नाही. कंपनीचं चिन्ह पडद्यावर गोल गोल फिरत बसतं. शिवाय असा चावी घेतलेला फोन पैशांच्या ॲपांना आवडत नाही, ती चालायला नकार देतात. आमच्या गल्लीतली भाजीवाली कविता एकदा त्याच्या दुकानासमोर हातगाडी आडवी लावून उभी राहिली होती, कारण गिऱ्हाईक पैसे पाठवतंय आणि हिच्या फोनवर काही येतच नाही. तेव्हापासून कुंदननं दोन नियम केले. आधी विचारायचं, आणि काढण्याआधी प्रत्येक गोष्टीची कॉपी ठेवायची. कॉपीही थोडे दिवस ठेवायचा, मग तीही पुसून टाकायचा. अडगळ नको म्हणून.

गिऱ्हाइकाचा फोन हातात घेतला की पडद्यावर बोट ठेवून त्याचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "ये किसने मांगा था?" गिऱ्हाईक खांदे उडवायचं. "कोई काम का नहीं," म्हणून हा मोकळा. दिवसभर फळीपलीकडून मला हेच ऐकू यायचं. घरी हाच प्रश्न तो अहिराणीत विचारायचा, स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे बघून. शोभाबाईनं जपून ठेवलेल्या बरण्या त्यानं दोनदा भंगारात घातल्या आणि तिनं दोन्ही वेळा त्या परत आणल्या.

या सगळ्यात निंबाभाऊंची गोष्ट अशी, की त्यांना ऐकू येत नव्हतं. आणि हे घरात कुणालाही माहीत नव्हतं.

हे कसं शक्य आहे, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. त्यानं नवागाममध्ये येऊन राहावं. इथं सगळेच ओरडून बोलतात. लूमवर जन्म काढलेला माणूस हळू बोलायचं विसरूनच जातो, आणि त्याच्याशी बोलून बोलून त्याची बायकापोरंही विसरतात. कारखान्यात तर बोलणं नसतंच, खुणा असतात. दोन बोटं जोडून झटकन सोडली की तार तुटली. खांद्यावर बोटं ठेवली की मास्टर येतोय. अंगठा खांद्यावरून मागे नेला की मागे बघ. समोरच्याचे ओठ वाचायला तिथला माणूस आपोआप शिकतो. निंबाभाऊंचे कान वर्षानुवर्षं थोडे थोडे जात राहिले आणि ते ओठांवर भागवत राहिले. समोरून बोललं तर त्यांना सगळं कळायचं. पाठीमागून हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही, तर शोभाबाई म्हणायची, म्हातारा हेकट झाला.

लूमचं काम झेपेना तेव्हा त्यांना पलसाण्याला एका कपडा रंगवायच्या कारखान्यात फाटकावर वॉचमनची जागा मिळाली. कोणता कारखाना ते मी सांगणार नाही, कारण ते अजून तिथंच आहेत. त्या फाटकावर आधी धुडकू म्हणून त्यांच्याच गावाकडचा माणूस होता, तोही लूमवरून आलेला. एक दिवस आतून माल भरलेला टेम्पो मागून हॉर्न देत राहिला आणि धुडकू रस्त्याकडे बघत उभा राहिला. मॅनेजरनं त्याच आठवड्यात त्याला घरी पाठवलं. धुडकू आता गावी ओट्यावर बसतो, आणि लोक त्याच्यासमोर बसून त्याच्याबद्दल बोलतात. निंबाभाऊ एकदा गावी गेले होते तेव्हा त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. लोकांचे ओठ वाचता येत असल्यामुळे त्यांना सगळं समजलं होतं आणि धुडकूला काहीच नाही.

त्याच फाटकावर आता निंबाभाऊ उभे होते. आपलंही एक दिवस कळणार, मग नोकरी जाणार, आणि मग ओटा, ही भीती त्यांना रोज होती. घरी कुंदनचं वेगळंच. "आबा, आता बस झालं. गावी जा, आराम करा," तो अधूनमधून म्हणायचा. प्रेमानंच म्हणायचा. पण ज्या तोंडानं तो दिवसभर फोनातल्या गोष्टींना "कोई काम का नहीं" म्हणायचा, त्याच तोंडानं.

त्यांना वाचवलं फोनानं. तो फोन कुंदनच्याच दुकानात आलेला जुना होता. कुणीतरी आधीच रूट करून विकलेला. साफसफाई तेवढी बाकी होती. पण दुकानात आला त्याच दिवशी निंबाभाऊंनी तो मागून घेतला आणि नंतर कुंदनच्या हाती लागू दिला नाही. फाटकावर बसल्या बसल्या गाण्यांसाठी त्यांनी इअरफोनची वायर कानात घातली आणि चुकून पडद्यावरच्या एका चित्राला बोट लागलं. कानाचं चित्र होतं. कंपनीनं भरून दिलेल्यांपैकीच एक ॲप. ते आजूबाजूचा आवाज फोनच्या माइकमधून घ्यायचं आणि मोठा करून वायरीतून कानात सोडायचं. निंबाभाऊंना पहिल्यांदा ऐकू आलं ते फाटकाशी पडलेलं कुत्रं. मागच्या पायानं मान खाजवत होतं आणि गळ्यातली साखळी वाजत होती. ते उठून कुत्र्याजवळ गेले आणि ते खाजवणं थांबवेपर्यंत तिथंच उभे राहिले. हे त्यांनी शोभाबाईला पुष्कळ नंतर सांगितलं आणि शोभाबाईनं मला.

तेव्हापासून निंबाभाऊ उठल्यापासून झोपेपर्यंत कानात वायर घालून असत. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी गाण्यांचा नाद लागला. मीही चिडवायचे, "काय निंबाभाऊ, कोणती गाणी चाललीत?" ते नुसते हसायचे. कानात यंत्र घातलं की माणूस बहिरा ठरतो आणि वायर घातली की शौकीन, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. फाटकावर सगळं सुरळीत होतं. हॉर्न ऐकू यायचा, मॅनेजरची हाक ऐकू यायची.

कुंदनला मात्र तो फोन खुपायचा. अख्ख्या नवागामचे फोन साफ करणाऱ्याच्या घरातच भरलेला फोन. दिव्याखाली अंधार म्हणायचा तो. "आबा, द्या ना, दहा मिनिटांत हलका करतो." आबा फोन खिशात सारायचे.

मग एका रविवारी निंबाभाऊ दाढी-कटिंगला गेले आणि फोन चार्जिंगला लावून गेले. मी शोभाबाईची फॉल लावलेली साडी द्यायला गेले होते, त्यामुळे पुढचं माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. कुंदन भिंतीला टेकून बसला होता, पाय हलत होता. नजर फोनकडे गेली आणि पाय थांबला. तो उठलाच.

"तुना बापना फोन शे तो," शोभाबाई म्हणाली. "पहिले त्यास्ले इचारी ले."

"इचारं तर त्या नहीच म्हनतीन," कुंदन म्हणाला, आणि त्याची बोटं चालू झाली.

मी त्याला इतका खूश क्वचित पाहिला असेल. एकेक नाव वाचायचा आणि उडवायचा. भविष्य गेलं, गेम गेला, बातम्या गेल्या. मग म्हणाला, "हाई देखा, कान! कान बी भरी देल शे कंपनीनी." हसला. "हाई कोन्ही मांगेल व्हतं?" आणि तोही गेला. गाणी मात्र त्यानं जपली. आबांना गाणी लागतात, म्हणाला, ती हलायला नकोत. मी विचारलं, "कॉपी ठेवलीस का रे?" तर म्हणाला, "मावशी, घरचाच तर फोन आहे." आबा यायच्या आत उरकायचं होतं, हे खरं कारण. मग फोन जागेवर ठेवून त्यानं चहा घेतला, गरम असतानाच, बसून.

निंबाभाऊ आले. गुळगुळीत दाढी, मानेवर पावडर. फोन घेतला, वायर कानात घातली, पडद्यावर बोट नेलं आणि बोट तसंच राहिलं. पडदा इकडून तिकडे सरकवला. पुन्हा सरकवला.

"आठे एक कान व्हता," ते म्हणाले.

"कामना नव्हता तो, आबा," कुंदन उत्साहानं म्हणाला. "मी काढी टाका. आते देखा कसा पळस फोन."

निंबाभाऊंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग शोभाबाईकडे, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाले, आणि फोन खिशात ठेवला. वायर कानात तशीच. मला वाटलं, म्हातारा रुसला. कुंदनलाही तेच वाटलं, म्हणून त्यानं संध्याकाळी त्यांच्या फोनात आणखी गाणी भरून दिली.

सोमवारी निंबाभाऊ कामावर गेले. कसे गेले असतील हे आज मला कळतं. नुसती वायर कानात घालून ते त्या फाटकावर उभे राहिले. खुर्ची होती, पण बसले नाहीत. समोरून येणारी गाडी दिसते, पण आतून येणारी पाठीमागून येते. म्हणून ते सारखे वळत राहिले. रस्त्याकडे, आत, पुन्हा रस्त्याकडे. जेवणाच्या वेळेला डबा उघडायचा तर मान खाली घालावी लागते, आणि मान खाली असताना टेम्पो आला तर? त्यांनी डबा उघडलाच नाही.

मंगळवारी शोभाबाई डबा घेऊन माझ्या दुकानात आली. झाकण काढून माझ्यापुढे धरला. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, सगळं जागच्या जागी. "कालदिन बी जसाना तसा लई उनात," ती म्हणाली, म्हणजे कालचा डबाही तसाच परत आलेला. "पोटमां दुखस का इचारं, तर नही म्हनतस. घरमां बी बसतस नही. दारमां उभा राहतस." मी तिला म्हटलं, पोरावर राग असेल, उतरेल. फळीपलीकडून कुंदन ऐकत होता. त्याचा पाय जोरात हलत होता, माझी कात्री टेबलावर वाजायला लागली.

उतरला नाही. बुधवारी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा निंबाभाऊ दारात पाठमोरे बसून पिंप भरत होते. कुंदन मागे आला. "आबा, राग उना का?" काही उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मोठ्यानं विचारलं. नाही. मग आमच्या या साहेबांचं डोकं फिरलं. ओट्यावर रिकामा स्टीलचा हंडा होता, तो उचलून त्यानं फरशीवर आपटला. समोरच्या घरातली बाई बाहेर आली. माझ्या दारापर्यंत आवाज आला. निंबाभाऊ पिंपात पडणाऱ्या पाण्याकडे बघत बसून होते.

तेव्हा कुंदननं खाली बघितलं. फोन आत चार्जिंगला होता. वायर आबांच्या दोन्ही कानांत होती आणि तिची पिन त्यांच्या मांडीवर लोंबत होती.

दुकानाचं शटर त्यानं त्या दिवशी अर्धंच उघडलं. वाकून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मावशी, आबांना ऐकू येत नाही." मी मशीन थांबवलं. "तो कान होता ना," तो म्हणाला, "तो आबांचा होता." मग माझ्या टेबलावरची रिळं उचलून रंगाप्रमाणे लावायला लागला, लावली, मोडली, पुन्हा लावायला लागला. मी त्याचा हात धरला. मला त्याचा राग आला होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

"परत घाल मग," मी म्हटलं.

"कॉपी नाही."

घरच्या फोनाची कॉपी ठेवली नव्हती. इंटरनेटवर शोधलं तर मिळालं ते दुसऱ्या मॉडेलचं, या फोनात न बसणारं. त्या मॉडेलचा दुसरा फोन मिळाला तर त्यातून तो कान उचलून आणता येणार होता. तो फोन एके काळी स्वस्त होता, नवागामात पुष्कळांनी घेतला होता. कुंदन निघाला. गल्लीतल्या शिंप्याकडे तो फोन होता. त्यात कान नव्हता. दिंडोलीच्या दूधवाल्याकडे होता, त्यातही नव्हता. कविता भाजीवालीकडे, गॅरेजवाल्या चेतनकडे, उधन्याच्या एका दुकानात विकायला ठेवलेला. कान कुठंच नाही. या सगळ्यांचे फोन त्यानंच साफ केलेले. प्रत्येकाला पडद्यावर बोट ठेवून विचारलेलं, ये किसने मांगा था. कॉपी काढली होती, तीही पुसून टाकलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दुपारी परत आला तेव्हा घामानं निथळत होता आणि बसायला तयार नव्हता. तिकडे पलसाण्याला फाटकावर काय चाललं असेल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"जयश्रीकडे तोच फोन नाही का?" मी विचारलं. "तूच तर दिला होतास बहिणीला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. जयश्री त्याची बहीण खरी, पण स्वभावानं आईवर गेलेली. कुंदननं फोन साफ करू का विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, माझ्या फोनला हात लावलास तर राखीला येऊ नकोस. तिच्या फोनात सगळं होतं. भविष्य, हवामान, गेम, सगळं. तो तसाच गाडीला किक मारून बारडोलीला सुटला.

उसाचे दिवस होते. भरलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले, एकामागे एक, साखर कारखान्याकडे. कुंदननं कुठून कशी गाडी घातली त्याचं त्याला माहीत. जयश्रीनं फोन दिला, पण स्वतः शेजारी उभी राहून. काय घेतो आहेस, कशाला घेतो आहेस, विचारत राहिली. "आबांसाठी," एवढंच तो म्हणाला. पाणीसुद्धा प्यायला नाही. तिनं अंगणातून विचारलं, "आबा बरे आहेत ना?" तोवर हा कोपऱ्यावरून वळला होता.

परतताना तो पलसाण्याला वळला. पुढचं त्यानं मला तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, माझ्याच दुकानातल्या पंख्याची पाती पुसत पुसत.

आबांना नोकरी लागल्यापासून तो त्या फाटकावर कधी गेलाच नव्हता. रस्त्याच्या पलीकडून त्याला आबा दिसले. खुर्ची रिकामी. खुर्चीवर डबा, बंद. आबा फाटकाच्या मधोमध उभे, खाकी शर्ट पाठीला चिकटलेला, मान सारखी इकडून तिकडे. एक ट्रक रस्त्यावरून आत वळायला बघत होता आणि त्याचा ड्रायव्हर हात हलवून काहीतरी सांगत होता. आबा त्याच्या ओठांकडे बघत पुढे झाले. आणि त्याच वेळी आतून साड्यांचे गठ्ठे लादलेला टेम्पो आला, आबांच्या पाठीशी. हॉर्न दिला. आबा ट्रककडे बघत होते. टेम्पोनं पुन्हा हॉर्न दिला, लांबलचक. आत ऑफिसच्या दारात एक माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

कुंदन ओरडणार होता. तोंड उघडलंही होतं. मग त्याला आठवलं, लहानपणी तो लूमवर आबांचा डबा घेऊन जायचा. मागांच्या खडखडाटात दारात उभा राहायचा, आणि आबा पार त्या टोकाला असायचे. हाक मारून उपयोग नसायचा. त्यानं गाडी तशीच सोडली, रस्त्याच्या मधल्या कठड्यावर चढला आणि दोन्ही हात वर केले. आबांची मान फिरत होती, ती त्याच्यावर आली आणि थांबली. कुंदननं अंगठा खांद्यावरून मागे नेला. मागे बघ.

निंबाभाऊ वळले. टेम्पोला हात केला, ट्रकला थांबवलं, फाटकाची बाजू ओढली. टेम्पो निघून गेला. ऑफिसच्या दारातला माणूस आत गेला.

कुंदन रस्ता ओलांडून आला. बापलेक एकमेकांसमोर उभे राहिले. निंबाभाऊंना कळलं की याला कळलं आहे. कुंदननं हात पुढे केला आणि त्यांनी खिशातून फोन काढून दिला, पहिल्यांदाच न सांगता. बारडोलीहून आणलेला कान त्यानं त्यात जागेवर घातला आणि फोन बंद करून सुरू केला. कंपनीचं चिन्ह आलं आणि गोल फिरायला लागलं. फिरतच राहिलं. कुंदन म्हणतो, माझ्या आयुष्यात मी तेवढा घाबरलो नाही. एकदा फाटकाकडे बघत होता, एकदा आबांकडे, एकदा त्या फिरणाऱ्या चिन्हाकडे. मग पडदा उजळला. शेवटच्या ओळीत कान होता.

निंबाभाऊंनी वायर कानात घातली. चित्राला बोट लावलं. ट्रक आत जाताना त्याच्या चाकाखाली खडी वाजली, तिकडे त्यांनी मान वळवली.

"माले सांगं का नही, आबा?" कुंदननं विचारलं. हळू विचारलं, आणि त्यांना ऐकू आलं.

"कामनं नही ते तू काढी टाकस," निंबाभाऊ म्हणाले.

रागानं म्हणाले नाहीत. ऊस गोड असतो म्हणावं तसं म्हणाले. हे मला सांगताना कुंदन पंख्याचं तेच पातं पुन्हा पुसायला लागला.

तिथं फाटकावर त्यानं खुर्चीवरचा डबा उचलला, झाकण काढलं आणि तो आबांच्या हातात दिला. खुर्ची सावलीत ओढली. मग पोटावर हात ठेवून लूमवरची जेवणाची खूण केली, खरं तर आता खुणेची गरज नव्हती. आणि स्वतः फाटकाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, एक हात दांड्यावर ठेवून. समोर रस्ता, मागे कारखाना, आणि करण्यासारखं काहीच नाही. पाय हलला नाही, म्हणतो.

निंबाभाऊ मान खाली घालून जेवले. डबा संपेपर्यंत कुंदन तिथून हलला नाही.